चित्रात आई घरातच दाखवायची असते

हे प्रकरण माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आहे. तिसरीतला, आठ वर्षांचा. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहतो, मी तिथल्याच एका मराठी शाळेत शिकवते. नावं लिहीत नाहीये, मुलाला दादू म्हणते आणि त्याच्या पहिलीतल्या बहिणीला चिमी. घरच्यांना विचारून लिहितेय आणि घर ओळखू येईल अशा काही गोष्टी मुद्दाम गाळल्यात.

जुलैमध्ये मी वर्गाला "माझं कुटुंब" हे चित्र काढायला दिलं होतं. दादूचा हात चांगला आहे. ओट्यापाशी हिरव्या साडीतली आई, गॅसवर कुकर, कुकरच्या वाफेची वळणं सुद्धा काढली होती, आणि दाराशी खाकी कपड्यातले बाबा. त्याचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर आहेत हे मला माहीत होतं, त्यामुळे खाकी म्हणजे तेच असणार असं समजून मी वहीवर स्टार काढणारच होते तेवढ्यात बाबांच्या हातातली काठी दिसली. डोक्यावर टोपी, कमरेला रुंद पट्टा. मी म्हटलं, कंडक्टरकडे काठी कशी रे? तर म्हणाला, "बाई, पोलीस आहेत ते." आता पोलीस आहे त्याची आई. मुंबई पोलिसात कॉन्स्टेबल. मुलं शाळेत घालायच्या वेळी ती युनिफॉर्मवरच आली होती, मला नीट आठवतंय.

"अरे, पोलीस तर तुझी आई आहे ना?"

"हो, आई आहे."

"मग?"

"चित्रात आई घरातच दाखवायची असते ना बाई."

मला वाटलं होतं की पोराचा गोंधळ झालाय, पण त्याच्या डोक्यात काहीच गोंधळ नव्हता. खरं काय आहे ते त्याला पक्कं माहीत होतं आणि बरोबर चित्र कसं असतं तेही पक्कं माहीत होतं, आणि दोन्हीत फरक असला तर वहीत बरोबर चित्र काढायचं एवढं सरळ होतं ते.

मग मी लक्ष ठेवायला लागले. दादू डब्याबद्दल खोटं बोलतो हे पुढच्याच आठवड्यात कळलं. त्याच्या डब्यातली भेंडी वर्गात फेमस आहे, कुरकुरीत, वरून ओलं खोबरं. बाजूच्या मुलाने विचारलं, कोणी केली रे? दादू म्हणाला, आईने. मला त्यात काही वावगं वाटायचं कारणच नव्हतं. पण पालकसभेला वडील आले होते, मी सहज म्हटलं की भेंडीची रेसिपी दादूच्या आईंकडून घ्यायला हवी, तर ते हसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, भेंडी मी करतो." त्यांची दुपारची पाळी असते, पहाटे पाचला उठून दोघांचे डबे, पोळ्यासकट, तेच करतात. गेली चार वर्षं. म्हणजे दादूने कळायला लागल्यापासून घरात सकाळचा स्वयंपाक बाबांनाच करताना बघितलंय, आणि तरी ओट्यापाशी त्याने आई काढली आणि भेंडी आईच्या नावावर लावली.

तिसरी गोष्ट वर्गात झाली. सफाईची पाळी एका मुलाची होती, तो झाडू मारत होता आणि दादूने मागून त्याला बायकी म्हटलं. तो मुलगा रडला. दादूला मी रागावले पण रागावून काही होणार नाही हे मलाच दिसत होतं, म्हणून मग ऑगस्टमध्ये वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला त्यांच्या घरी गेले.

वनरूम किचन. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, समोर आजीचा पलंग, आणि दादू-चिमी पलंगाला टेकून खाली. आई ड्युटीवर. शाळा सकाळची, साडेबाराला सुटते, मुलं घरी येऊन जेवायला बसतात तेव्हा आदल्या रात्रीच्या सिरियलचं रिपीट चालू असतं, आणि संध्याकाळी सातपासून दहापर्यंत नवीन भाग. मध्ये तासभर कार्टून, ज्यातला हिरो लाडू खाऊन ताकद मिळवतो आणि मारामारी करतो आणि त्याची मैत्रीण लाडू आणून देते. म्हणजे बघा, सिरियलचा एकच भाग ही मुलं दोनदा बघतात. एखादा धडा मी दोनदा शिकवला तर मुलांच्या डोक्यात बसतो, मग हे का नाही बसणार?

मी त्यांच्यासोबत बसून दीड तास सगळं बघितलं. चांगली सून काठपदराच्या साडीत, घरात असते, सगळ्यांचं ऐकून घेते आणि रडते. वाईट बाई ऑफिसात जाते, केस मोकळे, डोळ्यांत भरपूर काजळ, मोठ्याने बोलते, आणि ती दिसली की ढणढण म्युझिक वाजतं आणि सगळ्यांच्या तोंडावर कॅमेरा तीन-तीनदा जातो. पुरुष सोफ्यावर पेपर वाचतात किंवा फाइल घेऊन "मीटिंग आहे" म्हणून निघून जातात, कसली मीटिंग ते कधी कळत नाही. जाहिरातींतही तेच. डाग पडला की आई हसत धुते, मुलाची उंची वाढत नाही म्हणून आईच काळजीत, गाडी बाबा चालवतात, विम्याचा विचार बाबा करतात. जाहिरातींसाठी निदान एक नियम तरी आलाय, अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने, जिचं ऑफिस इथेच मुंबईत आहे, 2022 च्या जूनमध्ये गाईडलाइन्स काढल्या की बाई घरकाम करताना दाखवायला हरकत नाही पण ते काम तिचंच आहे असं सुचवायचं नाही. सिरियलवाल्यांना ते लागू नाही.

चिमीने त्या दिवशी मला नाटक करून दाखवलं. ओढणी डोक्यावरून घेतली, दाराच्या कोपऱ्यात उभी राहून आमचं बोलणं चोरून ऐकल्यासारखं केलं, मग सावकाश मान वळवून डोळे बारीक केले. सहा वर्षांची पोर. सगळे हसले, मीही हसले, फार गोड करत होती. मग आजीने सांगितलं की चिमी हल्ली आईला म्हणते, तू चांगली आई नाहीस, चांगल्या आया घरी असतात. चिमी असं म्हणाली त्या दिवशी आई बारा तासांचा बंदोबस्त करून आली होती, काही बोलली नाही, बूट काढले आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवला. आजीने हे सांगताना टीव्हीचा आवाज बंद केला होता. माझ्या या सगळ्या लिखाणामागे खरं कारण तो नळ आहे.

आता इथे थोडं अभ्यासाचं सांगते, कारण दादूचं चित्र बघून मला बी.एड.ला वाचलेला एक प्रयोग आठवला. 1979 मध्ये अमेरिकेत छापून आला होता. पाच-सहा वर्षांच्या मुलांना छोट्या फिल्म दाखवल्या, डॉक्टर आणि नर्सच्या. काही मुलांना नेहमीची जोडी, काहींना डॉक्टर बाई आणि नर्स पुरुष अशी. नंतर विचारलं तर ज्यांनी उलटी जोडी बघितली होती त्यातल्या बऱ्याच मुलांनी ठामपणे सांगितलं की डॉक्टर पुरुष होता आणि नर्स बाई होती. समोर दिसलेलं त्यांनी डोक्यातल्या साच्यात बसवून घेतलं. मानसशास्त्रज्ञ सँड्रा बेम यांनी 1981 मध्ये याच धर्तीची मांडणी केली की मूल बाईचं-पुरुषाचं असा एक आराखडा मनात तयार करतं आणि मग नवीन जे दिसेल ते त्याच आराखड्यातून बघतं, लक्षात ठेवतं, विसरतं. दादूचं चित्र म्हणजे अगदी हेच की. खाकी राहिली, काठी राहिली, फक्त माणूस बदलला.

टीव्हीचाच हात यात किती हे एका मुलावरून कोणी सांगू शकत नाही, मी पण सांगत नाही. पण कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एक गाव होतं जिथे 1973 पर्यंत टीव्हीचा सिग्नलच येत नव्हता, अभ्यासकांनी त्याचं नाव नोटेल ठेवलं. टॅनिस मॅकबेथ विल्यम्स यांच्या टीमने टीव्ही यायच्या आधी आणि आल्यावर दोन वर्षांनी तिथल्या मुलांना तपासलं, टीव्ही असलेल्या दोन गावांशी तुलना केली. टीव्ही यायच्या आधी नोटेलच्या मुलांची मुलगा-मुलगी याबद्दलची मतं कमी साचेबंद होती, दोन वर्षांनी ती आणखी साचेबंद झालेली दिसली. असा आधी-नंतरचा अभ्यास आता कुठे करणार, टीव्ही नसलेलं गाव आणायचं कुठून.

आणि उलट बाजूही आहे, ती सांगितली नाही तर मी खोटी पडेन. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी आपल्याच देशातल्या खेड्यांचा अभ्यास केला, 2009 मध्ये आला, त्यात केबल आल्यावर बायकांनी नवऱ्याने मारणं चालतं असं म्हणायचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. कारण खेड्यातल्या बाईला टीव्हीत शहरातल्या, स्वतः बाहेर जाणाऱ्या बायका दिसल्या, त्यांच्या रोजच्या जगण्यापेक्षा टीव्ही पुढे होता. माझ्या मते दादूच्या घरी नेमकं उलट आहे, घर टीव्हीच्या पुढे आहे. आई पोलीस, बाबा पोळ्या लाटतात. त्यामुळे तोच टीव्ही इथे मागे ओढतो. हा माझा अंदाज आहे पण या प्रकरणात मला तो पटतो.

तरी माझं सगळं खापर टीव्हीवरच फुटलं असतं जर वडिलांनी त्या दिवशी एक गोष्ट सांगितली नसती. त्यांच्या ओट्यासमोरची खिडकी कॉमन पॅसेजमध्ये उघडते. सकाळी पोळ्या लाटताना ते खिडकीचा पडदा ओढून घेतात. का, विचारलं तर आधी म्हणाले धूर जातो बाहेर, मग आजीच म्हणाली, "खरं सांग की बाईंना." शेजारच्या एक वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, काय भावजी, साहेबीण झोपलीय वाटतं? तेव्हापासून पडदा. आणि गावाहून पाहुणे आले की ते सांगतात, आज जरा हिला मदत केली. रोज करतात, पण सांगताना आज, आणि सांगताना मदत.

दादू हे सगळं बघतोय. टीव्हीत जे असतं ते सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात, रोज. घरात जे असतं ते पडद्यामागे. मग आठ वर्षांच्या मुलाने काय समजायचं? टीव्हीतलं ते बरोबर आणि आपल्या घरातलं लपवायचं. त्याने भेंडी आईच्या नावावर लावली ती बाबांकडूनच शिकून. मी हे वडिलांना तसंच्या तसं बोलले नाही, चहा घेतला आणि निघाले, पण रात्रभर तेच डोक्यात होतं. आपण म्हणतो मुलांना बोलून काही कळत नाही, करून दाखवायला पाहिजे. इथे बापाने चार वर्षं करून दाखवलं होतं. बोलला नव्हता.

पहिला उपाय चुकला आणि तो मीच सुचवला होता. सिरियल बंद. आईला ते लगेच पटलं, तिच्या मनात राग होताच. पाच दिवस टीव्ही बंद राहिला, आजीचा जीव कासावीस, ती शेजारी जाऊन बघायला लागली आणि मुलांनी मोबाइल घेतला, आणि मोबाइलवर काय बघतायत हे तर कोणालाच दिसत नव्हतं. टीव्ही निदान भिंतीवर सगळ्यांसमोर असतो. सहाव्या दिवशी मी फोन करून म्हटलं, चालू करा, माझं चुकलं.

दुसरा उपाय मला एका जुन्या अमेरिकन कार्यक्रमावरून सुचला, 1978 ची फ्रीस्टाइल नावाची 13 भागांची मालिका, 9 ते 12 वर्षांच्या मुलांचे असे साचे मोडायलाच मुद्दाम बनवलेली. तिचं मोजमाप झालं तेव्हा कळलं की मुलांनी घरी नुसती बघितली तर परिणाम थोडाच, वर्गात बघून त्यावर बाईंबरोबर बोलणं झालं तिथे जास्त. आपल्याकडे दूरदर्शनवर हम लोग ही मालिका 1984 ला सुरू झाली त्यातली भागवंती, सगळं सोसणारी बायको, लिहिणाऱ्यांनी ती असं वागू नये म्हणून दाखवली होती, पण कितीतरी बायकांना तीच आदर्श वाटली. म्हणजे चांगला कार्यक्रम लावून दिला की काम झालं असं नाही, बघताना बाजूला कोण बसलंय आणि ते काय बोलतंय त्यावर बरंच ठरतं. दादूच्या घरी बाजूला बसलेलं माणूस म्हणजे आजी.

आजीबद्दल लिहायलाच हवं. लालबागला राहायच्या, यजमान गिरणीत. 1982 च्या जानेवारीत संप झाला आणि पगार थांबला तो थांबलाच, तेव्हा आजींनी घरात खाणावळ सुरू केली. दोन्ही वेळचं बारा-पंधरा माणसांचं जेवण, हिशोबाची वही त्यांच्याच हातात, उधारी वसूल करायला स्वतः जायच्या. त्याच पैशावर घर चाललं, दादूचे बाबा शाळेत गेले. हे सगळं नातवंडांना माहीतच नव्हतं! त्यांच्यासाठी आजी म्हणजे सिरियल बघणारी आजी. मी त्यांना एवढंच म्हटलं, आजी, तुम्ही बघा तुमच्या सिरियल, फक्त बघता बघता जे मनात येतं ते मुलांना ऐकू जाईल असं बोला. त्या म्हणाल्या, "मनात तर लई येतं बाई. ह्या बायका कधी दमत नाहीत, ह्यांच्या साडीला कधी हळदीचा डाग पडत नाही. आणि ह्यांचं घर कोणाच्या पैशावर चालतं तेच दाखवत नाहीत."

आणि त्या बोलायला लागल्या. सून रडली की, अगं रडतेस काय, नोकरी बघ. नवरा चहा मागायला लागला की, ऊठ की बाबा, गॅस तिथेच आहे. दादूच्या आईने मला नंतर सांगितलं की सासूबाईंचं हे ऐकायला ती ड्युटीवरून आल्यावर मुद्दाम बाहेरच्या खोलीत बसायला लागली. त्या आधी थेट झोपायची.

वर्गात मी वेगळं केलं, सगळ्यांसाठीच. वहीत रकाने आखले: चहा कोणी आणला, गाडी कोणी चालवली, पैशांचं कोण बोललं, कोण रडलं. आठवडाभर घरी जे लागेल ते बघायचं आणि रेघा मारायच्या, एक बाजू बाई, एक बाजू पुरुष. शनिवारी वह्या उघडल्या तर चहाच्या रकान्यात रेघा एकाच बाजूला, गाडीच्या रकान्यात दुसऱ्या बाजूला. मी काहीच बोलले नाही. मग म्हटलं, आता तेच रकाने आपल्या घरासाठी आखा, आठवडाभर. दुसऱ्या शनिवारी वर्गात जो गोंधळ झाला तो मला फार आवडला. एकीची आई रिक्षा चालवते, एकाचे बाबा चहाची टपरी चालवतात म्हणजे दिवसभर चहाच करतात, एकाची मावशी बॉसबरोबर पैशांवरून भांडून आली होती. टीव्हीची वही आणि घराची वही जुळेचना. बालभारतीने 2019 ला दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र दिलं होतं, तेही काढून दाखवलं. आणि सुरेखा यादव यांची गोष्ट सांगितली, साताऱ्याच्या, रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या आशियातल्या पहिल्या बाई, 2000 साली लेडीज स्पेशल चालवली आणि 2023 च्या मार्चमध्ये सोलापूरहून वंदे भारत सीएसएमटीला आणली. विक्रोळीची मुलं, लोकल रोज खिडकीतून बघतात, मोटरमनच्या केबिनमध्ये बाई असू शकते यावर दोन मुलांनी माझ्याशी वाद घातला.

दादूने घराची वही दिली नाही. हरवली म्हणाला. मी जोर केला नाही.

चिमी लवकर बदलली, हे मला अपेक्षित नव्हतं. नवरात्रात ती ओढणीऐवजी आईचा पट्टा कमरेला दोनदा गुंडाळून फिरत होती आणि चोरून ऐकणाऱ्या बाईला अटक करत होती. वाईट बाई अजून वाईटच आहे, काजळ लावते म्हणून ओळखू येते, तो साचा काही गेला नाही. पण चांगली आई घरी असते हे वाक्य तिच्या तोंडून परत ऐकलं नाही असं आई म्हणाली. लहान होती म्हणून सोपं गेलं, की मुलीला पोलीस होण्यात वर चढल्यासारखं वाटतं आणि मुलाला पोळी लाटण्यात खाली उतरल्यासारखं, म्हणून? मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. मुलीला पँट घालायला मिळाली की घरचे कौतुक करतात, मुलाने रांगोळी काढली की गप्प होतात. हे टीव्हीतही तसंच आहे, शूर मुलगी आता अधूनमधून दिसते, पण भाजी निवडणारा, भावाचं लंगोट बदलणारा मुलगा आजपर्यंत मी कुठल्या कार्टूनमध्ये बघितला नाही.

दादूच्या बाबतीत हललं ते बाबांमुळे. ऑक्टोबरमध्ये मी वर्गात "घरातलं एक काम दाखवा" असा तास ठेवला आणि पालकांना बोलावलं, आणि त्यांना स्वतः फोन केला. ते नको म्हणाले, मग हो म्हणाले, मग आदल्या रात्री परत फोन की बाई, युनिफॉर्मवर येऊ का? मी म्हटलं, या की. तर खाकीवर आले, ड्युटीला जायच्या आधी, बाह्या सरकवून पोळपाट-लाटण्यावर पोळी लाटली. गोल, पातळ, कडा कुठे जाड नाही. मुलं टेबलाभोवती गोळा झाली आणि एकाने विचारलं, काका, तुम्ही रोज करता? ते दादूकडे बघायला लागले. दादू खाली बघत होता. मग म्हणाले, "रोज करतो. डब्यातली भेंडी पण माझीच."

"मदत" हा शब्द त्यांनी वापरला नाही. घरी अजून वापरतात असं आजी म्हणते.

दिवाळीच्या सुट्टीआधी मी परत तेच चित्र दिलं. आई खाकीत, हातात काठी, आणि केसांचा अंबाडा इतका मोठा काढलाय की टोपी त्यावर कशीबशी टेकलीय. आजी पलंगावर, समोर टीव्ही. ओट्यापाशी कोणीच नाही, नुसता कुकर. बाबा कुठे, विचारलं तर म्हणाला, बस घेऊन गेलेत.

पडदा अजून आहे, रविवारी उघडा असतो. डब्याचं असं झालंय की वर्गात बाजूला बसणाऱ्या मुलाला तो आता बाबांनी केली असं सांगतो. चौथीची मोठी मुलं आसपास असली आणि त्यांनी विचारलं तर काहीच सांगत नाही, झाकण लावतो. पण आईने केली असं म्हणत नाही.